साहेबाची पट्टी डोंगरातनं जाते

गेल्या सोमवारी, सकाळी अकराच्या ठोक्याला, लोंढ्याच्या रानातनं पळत टपाल नेणाऱ्या माणसाचा बिल्ला साहेबानं काढून घेतला. कारण काय, तर म्हणे चाल मंद!

हा माणूस मला रोज वाटेत भेटायचा. तो कधी थांबत नसे. बोलायचं तर आपणच शेजारनं पळायचं. वेळ तो विड्यात मोजायचा. "एका विड्याला अडीच मैल," म्हणायचा.

"अण्णा, तासात सांगा की!"

"तास हापिसात असतोय रं. रानात विडाच." त्याचा विडा बरोबर अर्धा तास पुरतो, मी घड्याळ लावून पाहिलंय.

सोमवारी मी टपालघरातच होतो. साहेबानं नकाशावर पट्टी ठेवली. एका इंचाला एक मैल. "सात मैलांना दोन तास! म्हणजे तासाला साडेतीन मैल. बैल बरा!"

अण्णानं आपल्या काठीच्या घुंगरांची दोरी सोडली, नकाशातल्या वाटेच्या एकेका वळणावर बसवली, मग ताणून पट्टीला लावली. दहा इंच भरली.

"सायेब, तुमची पट्टी डोंगरातनं आरपार जाती. मला वळसा पडतोय न्हवं?"

"नियम पट्टीचा," साहेब म्हणाला.

दोन टोकांतलं सरळ अंतर वेळेनं भागलं की वेग निघतो, हे खरं. पण माणसाची चाल काढायची तर तो चालला ती सगळी वाट भागावी लागते. तशी भागा: तासाला पाच मैल, तेही खांद्यावर थैली घेऊन! मॅट्रिकच्या पोराला कळतं ते साहेबाला कळू नये?

वाचकहो, नुसते हळहळू नका. येत्या सोमवारी अकराला टपालघरी या, आणि बिल्ला परत मिळेपर्यंत दारातनं हलू नका.