भाऊंच्या रथाचा हूक

त्या काळात मी धुळ्याला एका तंत्रनिकेतनात शिकवत होतो. यंत्रांतलं आपल्याला फार कळतं असा माझा समज होता, आणि मार्क माझ्या हातात असल्यामुळे विद्यार्थी तो जपत. मी देवपुरात भाड्यानं राहायचो. घरमालकाकडे एका पुढाऱ्याची ऊठबस होती. सगळे त्यांना भाऊ म्हणत. त्या निवडणुकीत पक्षानं भाऊंना तिकीट नाकारलं. भाऊंनी बंड केलं, अपक्ष अर्ज भरला आणि त्यांना निशाणी मिळाली शिलाई मशीन.

बंडखोराला रथ लागतो. भाऊंकडे जीप होती. तिच्यामागे ओढायला दोन चाकांचा ट्रेलर आणला, त्यावर फळ्या ठोकून व्यासपीठ केलं, चार भोंगे बांधले आणि अगदी पुढच्या टोकाला लोखंडी अँगल आणि जाड पत्र्याची पुरुषभर उंच शिलाई मशीन उभी केली. मशीनला टेकून भाऊ उभे राहणार आणि भाऊ जिथे, तिथे सगळे कार्यकर्ते. एवढं ओझं ट्रेलरच्या पुढच्या टोकावर आलं आणि तिथून हुकावाटे थेट जीपच्या पाठीवर. पहिल्याच फेरीत जीप मागून बसली आणि पुढून उचलली गेली. ड्रायव्हर घाबरून म्हणाला, "मी स्टेअरिंग फिरवतो, मग गाडी विचार करते, मग वळते."

मला बोलावणं आलं. मी ट्रेलरभोवती दोन चकरा मारल्या आणि म्हणालो, "भाऊ, मशीन चार फूट मागे घ्या आणि तुम्ही चाकांच्या वर, मधोमध उभे राहा. बाकी काही करायला नको."

"मधोमध?" भाऊंचा चेहरा पडला. "सर, इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या मागे उभा राहिलो. आता मी पुढेच उभा राहणार."

कार्यकर्त्यांनी टाळ्या वाजवल्या. खरं तर तिथेच मी घरी जायला हवं होतं. पण आमच्या ग्रंथालयातल्या एका परदेशी मासिकात मी नुकताच एक हूक पाहिला होता आणि ती विद्वत्ता मला पोटात ठेवता येईना. त्या हुकापासून स्प्रिंगसारखे दोन लवचिक पोलादी पाटे मागे ट्रेलरखाली जात. त्यांची टोकं साखळ्यांनी वर ताणून ट्रेलरच्या सांगाड्याला बांधायची. मग ते पाटे जीपची मागची बाजू उचलून धरतात. तिच्यावरचं थोडं ओझं जीपच्या पुढच्या चाकांवर जातं, थोडं ट्रेलरच्या चाकांवर.

एका वेल्डिंगवाल्या मिस्तरीनं ट्रकचे जुने पाटे कापून तीन दिवसांत ते करून दिलं. लांब पाइप घालून आम्ही साखळ्या ताणल्या आणि जीप खरोखर सरळ झाली. मी भोवताली बघितलं, कोणी वाखाणतंय का. मिस्तरी हात पुसत अहिराणीत म्हणाला, "वजन तेच शे, सर. आपण नुसतं वाटी दिधं."

भाऊंना मात्र ते फार आवडलं. त्याच दिवशी चौकातल्या सभेत मला शाल-श्रीफळ देऊन ते म्हणाले, "सगळ्यांवर सारखा भार! हाच आमचा समाजवाद!" मी शाल सावरत मान डोलावली. याची मला अजून लाज वाटते.

ड्रायव्हरला मी एकच गोष्ट बजावली होती. खोल खड्डा किंवा नाला आला की आधी थांबायचं, पाइप घालून साखळ्या सैल करायच्या आणि मगच उतरायचं. त्यानं ते नीट ऐकलंही होतं.

दोन-तीन दिवसांनी आम्ही दोंडाईच्याकडच्या एका गावाला निघालो. मीही रथावर होतो, शालीचा परिणाम. गावाच्या अलीकडे कोरडा नाला लागला. पलीकडच्या काठावर लोक जमलेले दिसत होते. ड्रायव्हर थांबला आणि त्यानं पाइप मागितला. पाइप नव्हता. एका कार्यकर्त्यानं सकाळीच त्याला झेंडा लावून तो मशीनच्या डोक्यावर तारेनं आवळून टाकला होता.

"झेंडा उतरवायचा नाही!" भाऊ गरजले. "चल पुढे!"

जीप नाल्यात उतरली आणि समोरचा चढ चढू लागली. जीपचं नाक वर, ट्रेलरचं नाक अजून खाली, आणि मधले पाटे धनुष्यासारखे ताणले गेले. त्यांनी जीपची मागची चाकं अलगद उचलली. चाकं हवेत गरागरा फिरू लागली आणि रथ जागच्या जागी थांबला.

"भाऊ, सगळे खाली उतरा," मी म्हणालो.

कोणीच उतरेना. आधी कोण उतरणार, यावरून कार्यकर्त्यांत वाद सुरू झाला. शेवटी भाऊंचा तोल गेला. "उतरा, फुकट्यांनो! जेवायला पुढे, फोटोला पुढे, आणि ढकलायला कोणी नाही! मत तरी देणार आहात का मला? त्या गावातल्या एकाचंसुद्धा नाव मला माहीत नाही, या उन्हात तिथे जाऊन मी काय बोलू?"

भाऊंच्या हातातला माइक चालू होता. रथाचे चारही भोंगे त्या गावाच्या दिशेनं होते.

पलीकडे असा हशा उठला की आमच्या ड्रायव्हरलाही हसू आवरेना. गावकरीच नाल्यात उतरले. त्यांनी झेंड्याची तार सोडवली, पाइप काढला, साखळ्या सैल केल्या आणि रथ ढकलत वर नेला. भाऊंनी तिथे भाषण केलंच नाही. गूळपाणी घेऊन ते मुकाट्यानं परत फिरले.

निवडणुकीत भाऊ सपाटून पडले. फक्त त्या एका गावात शिलाई मशीन सगळ्यांच्या पुढे होती. पुढे कामानिमित्त मी तिकडे गेलो, तेव्हा पाणी द्यायला आलेल्या एका अक्कांना मी त्याचं कारण विचारलं. त्या म्हणाल्या, "बठ्ठा पुढारी गोड बोलतस. हाऊ एकलाच खरं बोलना." म्हणजे सगळ्या पुढाऱ्यांत हा एकटाच खरं बोलला.

हे मी भाऊंना सांगितलं. तोवर ते जुन्या पक्षात परतले होते. आजूबाजूला बघत ते हळूच म्हणाले, "सर, हे बाहेर कुठे बोलू नका."