पहिलं नको

माझ्या मामांनी उभ्या जन्मात कुणाच्याही पहिल्या विचारण्याला 'हो' म्हटलं नाही. चहा असो, पान असो, नाहीतर बसायला घोंगडी असो, त्यांच्या तोंडून आधी 'नको' यायचं, आणि ते ऐकून आणे गावातली माणसं निर्धास्तपणे कप भरायला घ्यायची. दुसऱ्यांदा विचारलं की मामा 'कशाला तरास' म्हणायचे, तिसऱ्यांदा 'बरं, आर्धाच', आणि मग दोन कप प्यायचे. पहिल्याच हाकेला हो म्हणणारा माणूस हावरट दिसतो, असं त्यांचं ठाम मत होतं. लग्न ठरताना 'मुलगी पसंत आहे ना?' असं विचारल्यावरही ते 'येवढी घाई काय' म्हणाले होते म्हणे, आणि वडीलधाऱ्यांनी त्याच बैठकीत तारीख धरली. त्यांचं खरं बोलणं असायचं हातात. पंगतीत ताटावर आडवा धरलेला हात बोटं फाकलेला असेल तर पोळी वाढायची, बोटं जुळलेली असतील तर पुढच्या ताटाकडे जायचं, हे मामींनी मला लहानपणीच शिकवलं होतं.

एकदा बेल्ह्याच्या बाजारातून परतताना गावात नव्याने आलेल्या गुरांच्या डॉक्टरांनी मोटारसायकल थांबवली आणि विचारलं, "मामा, बसताय का?" मामांनी एक पाय उचलत "नको, जातो पायी" म्हटलं. डॉक्टर शहरात वाढलेले. "बरं" म्हणून गाडी दामटत निघून गेले. मामा भर उन्हात घाट चढून घरी आले, तांब्याभर पाणी प्यायले आणि मामींना म्हणाले, "डाक्टर मानूस भला हाय, पन त्याला ऐकू लई येतं."

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी आमच्या कंपनीतल्या एका जर्मन साहेबाला गाव दाखवायला नेलं, तेव्हा तर दोन मुलुख समोरासमोर बसले. पुरणपोळीचा बेत होता. साहेब दुसऱ्या पोळीनंतर दोन्ही हात हलवून नको म्हणाला. मामा मला म्हणाले, "लाजतोय पावना," आणि वाढली. ताटात अन्न टाकणं साहेबाच्या घरी असभ्य, म्हणून त्याने ती संपवली. रिकामं ताट म्हणजे पाहुणा उपाशी, म्हणून मामांनी आणखी वाढली. असं करत साहेब सात पोळ्या जेवला आणि ओसरीवर आडवाच झाला. निघताना त्याने खिशातून एक छोटी सुरेख बॅटरी काढून मामांपुढे धरली. मामा लकाकत्या डोळ्यांनी "नको, नको" म्हणाले. साहेबाने अदबीने मान झुकवली आणि बॅटरी परत खिशात ठेवली. गाडीत तो मला म्हणाला, त्यांची इच्छा नव्हती, मी आग्रह कसा करणार? मी पोट धरधरून हसलो. त्याला दोन वाक्यांत समजावून सांगता आलं असतं, गाडी वळवताही आली असती. मी नुसता हसलो, याची आज लाज वाटते.

पुढे कंपनीने मला जर्मनीलाच पाठवलं. तिथे लोक एकदाच विचारतात. पहिले काही आठवडे मी ज्याच्या-त्याच्या घरी नको म्हणून कॉफीविना परतलो. मग हो म्हणायला शिकलो, आणि हळूहळू दुसऱ्याचं नको खरं मानायलाही शिकलो. हे शहाणपण अंगात पुरतं मुरलं असताना एका रविवारी मी मामांना फोन केला.

"मामा, दोन महिने इकडे या की. तिकीट काढतो."

"नको रं बाबा. मी कशाला तिकडं? कांदा काढायचाय, गुरं हायेत."

मी म्हणालो, "बरं."

पलीकडून मामा दोन-तीनदा नुसतं 'हॅलो, हॅलो' म्हणाले. मला वाटलं, लाईन खराब आहे.

त्यानंतर चार वर्षांनी गावी गेलो. मधल्या काळात मामा पडले होते आणि खुब्याचं हाड मोडलं होतं. ओसरीपासून न्हाणीपर्यंत जायलाही त्यांना काठी आणि मामींचा खांदा लागायचा. मामी ट्रंकेत रेशनकार्ड शोधत होत्या, तर कापडात गुंडाळलेला पासपोर्ट निघाला. आत मामांचा टोपी काढलेला, घाबरलेला फोटो, आणि पुढची सगळी पानं कोरी.

"हे कधी काढलं?" मी विचारलं.

मामी हळूच म्हणाल्या, "तुजा फोन आला न्हाई का, त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात. पुन्याला तीन खेपा घातल्या त्यांनी. म्हनले, भाचा पुन्हा इचारील तवा कागदावाचून अडाया नको. लई दिस फोनपाशी बसत व्हते."

मला तोंड वर करवेना. साहेबाला ठाऊक नव्हतं, डॉक्टरांना ठाऊक नव्हतं, मला तर सगळं ठाऊक होतं. मी ओसरीवर मामांजवळ जाऊन बसलो आणि म्हणालो, "मामा, चला ना माझ्याबरोबर. चाकाची खुर्ची देतात विमानतळावर. मी धरून नेतो."

मामा हसले. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "नको रं. आता खरंच नको."

'खरंच' हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. तरी मी त्यांना आणखी दोनदा विचारलं.