कपाटाची चावी

वाचनालयावर गेल्या आठवड्यात पाटी लागली. आण्याच्या पठाराखालच्या आमच्या गावाला वाचनाची गोडी मी लावली, असं तिच्यावर रंगवलंय. हे साफ खोटं आहे.

मी तिथे ग्रंथपाल होतो. नावाजलेली जुनी पुस्तकं मी काचेच्या कपाटात कुलपात ठेवायचो. तपासणीला साहेब आले की कोरी दिसावीत म्हणून. एकदा बौद्धवस्तीतली एक बाई आली. रोजानं कांदा निवडायला जाणारी. काचेतली एक जाड कादंबरी तिनं मागितली. ती तुम्हाला झेपायची नाही, असं म्हणून मी तिच्या हातात पाककृतींचं पुस्तक दिलं. ते टेबलावर ठेवून ती निघून गेली.

तीच कादंबरी तिला नारायणगावच्या स्टँडवर स्वस्त आवृत्तीत मिळाली. पिवळट कागद, बारीक टाइप. मग कांदा साठवायच्या चाळीत ती मोठ्यानं वाचायची आणि तिच्या वाटणीचा कांदा बाकीच्या बाया निवडायच्या. एकदा रस्त्यावरून जाताना ऐकलं, कादंबरीतल्या बाईनं घर सोडावं की नाही यावर आत कडाक्याचं भांडण चाललं होतं. आमच्या वाचनालयात लोक पेपर तोंडावर घेऊन झोपायचे. तरी मी कुलूप काढलं नाही. साहेबांना मात्र तोंड वर करून सांगितलं, आमच्याकडे मजूर बायाही वाचतात. शाबासकी मी घेतली.

पाटी बदला, त्या बाईचं नाव टाका म्हणालो, तर वाचनालय समितीचे अध्यक्ष हसले. "तात्या, रंग वाळला राव. आन् तिचं नाव टाकून कुणाला कौतुक?"

त्या 'तिचं'मध्ये काय होतं ते मला कळतं. माझ्याही तोंडात तेच होतं.

मी चाळीत गेलो. ती अजून कांदा निवडते, आता चष्मा लावून. पाटीचं सांगितलं, तरी हात थांबला नाही.

"पाटीचं मला काय करायचंय, भाऊ? ते कपाट अजून बंदच हाय न्हवं?"

बंदच होतं. चावी माझ्याच घरी होती. नव्या ग्रंथपालानं ती कधी मागितलीच नाही.

मी ती तिला नेऊन दिली. दुसऱ्या दिवशी चाळीतलं काम संपल्यावर बाया आल्या आणि अर्धं कपाट घेऊन गेल्या.

समिती आता याला चोरी म्हणते. तक्रार करायची तर माझ्यावर करा. पाटीवर नाव आहेच.