दमलेलं घड्याळ

नोकरीत हजारो वस्तू जप्त केल्या. त्यातली दोन घड्याळं मात्र अजून डोळ्यांपुढून हलत नाहीत. स्वेच्छानिवृत्ती घेऊन मला आता काही वर्षं झाली, तरी दिवाळीनंतरची ती दुपार आठवली की मी जुनी वही उघडते.

तेव्हा मी अहमदपूरच्या बाजूला एका ठाण्यात सहायक पोलीस निरीक्षक होते. दुपारी दीडच्या सुमारास लातूरच्या एका दवाखान्यातून फोन आला. तिशीतला एक तरुण दाखल झाला होता. कमरेखाली दोन्ही पाय हलत नव्हते. सोबतचे लोक सांगत होते की दगडावरून पडला. पडल्याची खूण मात्र अंगावर कुठेच नव्हती, म्हणून डॉक्टरांनी पोलिसांना कळवलं. तरुणाच्या मेव्हण्याने तिथेच तक्रार मांडली होती की चुलत भावाने काहीतरी केलं, दोन घरांत बांधावरून जुना वाद आहे.

मी स्टेशन डायरीला नोंद घेतली. पाच मिनिटांत ठाण्याच्या फोनवर दुसरा कॉल आला. बोलणाऱ्याने नाव सांगितलं नाही. मागे दगड फोडल्याचा आवाज येत होता, त्यावरून माणूस खाणीवरचाच असावा.

"म्याडम, त्यो पडला बिडला न्हाई. पाण्यातून वर आला अन् बसला. त्याच्या आधी थोरल्यानं त्याच्या हातातलं घड्याळ काढून घेतलं अन् दुसरं बांधलं. धाकटा नगं म्हनत होता. म्या बघितलंय."

"घड्याळ कशाला बदललं?"

"ते त्यालाच इचारा." फोन बंद झाला.

आमच्या हद्दीत चालू खाणीला लागूनच एक बंद पडलेली, पाण्याने भरलेली दगडखाण होती. आधी तिथे एक माणूस बुडाला होता, म्हणून पाण्यात उतरायला मनाई केल्याची पाटी लावलेली होती. आमच्या भागात विहिरीत पडलेल्या पाण्याच्या मोटारी बुडी मारून काढणारे लोक आहेत. हे दोघे चुलत भाऊ त्यातलेच, दवाखान्यातला तो धाकटा. फरक एवढाच, की थोरल्याने दोन हंगाम गोव्याच्या किनाऱ्यावर पाणबुड्यांच्या दुकानात हवेचे सिलिंडर उचलायचं काम केलं होतं. तिथून तो सिलिंडर लावून खोल उतरायला शिकला आणि जुनं सामान विकत घेऊन गावी आला. मग धाकट्यालाही शिकवलं.

मी हवालदाराला घेऊन निघाले. हवालदार हदगावकडचा, बोलण्यात तिखट. थोरला आम्हाला खाणीमागच्या कडब्याच्या गंजीपाशी सापडला. सिलिंडर गंजीत लपवत होता. झडतीत खिशात दोन घड्याळं निघाली. एक साधं, मोठ्या आकड्यांचं. दुसरं वाटीएवढं, चार बटणांचं. पंचनामा करून दोन्ही ताब्यात घेतली आणि त्याला ठाण्यात आणलं.

"भाऊ दवाखान्यात अन् तू इथं कडबा रचून राहिला का रे?" हवालदाराने गंजीपाशीच विचारलं होतं.

चौकशीत त्याने तीनदा एकच सांगितलं. पाण्यात कोणी उतरलं नाही, भाऊ पडला. मी समोर वही ठेवून बसते, ही माझी जुनी सवय. माणूस काय बोलतो ते जबाबात येतंच. बोलताना त्याचे हात काय करतात ते मी वहीत लिहिते. हा सारखा उजवा कोपर चोळत होता. मी लिहिलं: कोपर चोळतो, खोटं बोलतो. पंचवीस वर्षांचा अनुभव होता माझा. खोटं बोलणारा माणूस हाताला काही ना काही काम शोधतो, हे मी नव्या पोरींना शिकवत असे.

चार वाजत आले होते. लातूरहून डॉक्टरांचा पुन्हा फोन आला. बधिरपणा पोटापर्यंत चढला होता. मणक्याच्या तपासणीत काहीच सापडत नव्हतं. "नक्की काय झालं ते कळल्याशिवाय मी अंदाजानेच उपचार करतोय," ते म्हणाले. समोर बसलेल्या माणसाला उत्तर माहीत होतं आणि तो पुन्हा तेच म्हणत होता, भाऊ पडला.

घड्याळं टेबलावर होती. मला एका माणसाची आठवण झाली. नांदेडच्या शोध व बचाव पथकात एक अनुभवी पाणबुड्या होता. मागे गोदावरीत एका शोधाच्या वेळी त्याच्यासोबत मी तीन दिवस काठावर काढले होते. त्याला व्हिडिओ कॉल लावला, धाकट्याच्या हातातलं घड्याळ बदलल्याचं सांगितलं आणि दोन्ही घड्याळं कॅमेऱ्यापुढे धरली.

"मॅडम, ही वेळ बघायची घड्याळं नाहीत. हे डाइव्ह कॉम्प्युटर आहेत," तो म्हणाला. "खोल पाण्यात दाबामुळे हवेतला वायू अंगात मुरतो. जास्त वेळ थांबलात किंवा झटकन वर आलात, तर सोड्याची बाटली उघडल्यावर येतात तसे बुडबुडे अंगात होतात. अजून किती मिनिटं थांबता येईल ते हे यंत्र सांगतं. मागच्या बुड्या ते लक्षात ठेवतं. खालचं बटण दाबा."

त्याने सांगितलं तसं मी दाबत गेले आणि आकडे वाचत गेले. साध्या घड्याळात त्या दिवशी सकाळी सहापासून चार बुड्या होत्या, सगळ्या नव्वद फुटांच्या आसपास. मोठ्या घड्याळात दोनच, साडेनऊनंतरच्या. त्यातली पहिली बावीस मिनिटांची.

पलीकडे त्याने आकडे कागदावर उतरवले. मग म्हणाला, "धाकट्याने सकाळी साधं बांधलं होतं आणि नंतर मोठं, बरोबर? मग मोठ्या घड्याळाला वाटलं की हा माणूस आज पहिल्यांदाच उतरतोय. त्याने त्याला पूर्ण वेळ दिला. ज्याला हे कळतं त्याने मुद्दाम बदललं असेल, तर मॅडम, माणूस मारायला दुसरं हत्यार लागत नाही."

माझ्या हाताखाली खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा तयार होत होता. मी फोन टेबलावर तसाच उभा ठेवला आणि थोरल्याकडे वळले.

"घड्याळात सगळं लिहिलेलं निघालं. चार बुड्या सकाळी, दोन नंतर. आता तू सांग, की मी लिहू?"

त्याने घड्याळाकडे असं बघितलं, जणू ते बोलेल असं त्याला कधी वाटलंच नव्हतं.

"खाणवाल्याचे पंप होते तळाला, साखळीत अडकल्याले," तो म्हणाला. "पाटीमुळं कुनाला सांगू नगं म्हनला त्यो. एक जन दोरावर, एक जन खाली. आळीपाळीनं, जो उतरंल त्येनं घड्याळ बांधायचं. च्या पिऊन झाल्यावर धाकट्याच्या हातातलं घड्याळ सा मिनिटं दाखवत होतं. त्यो म्हनला, दादा, बास करू आज. मी म्हनलो, येड्या, ते दमलंय. सकाळपासून चार खेपा झाल्या त्याच्या."

"दमलंय?"

"मंग. बैल दमला की आपन जोडी बदलतो का न्हाई? मोठं घड्याळ सकाळपासून टावेलाखाली सावलीत ठिवलं होतं. ते ताजं होतं. आमी रोज तसंच करतो म्याडम. च्याच्या वक्ताला घड्याळ बदलायचं."

हवालदार हसणार होता, माझ्याकडे बघून थांबला.

मी दोन्ही घड्याळांतले आधीचे दिवस काढले. मागच्या आठवड्यात तीन दिवस तोच प्रकार. सकाळी साधं, चहानंतर मोठं. त्यातल्या दोन दिवशी चहानंतर एकच बुडी होती आणि ती आपली होती असं त्याने सांगितलं. धाकट्याने दवाखान्यातून फोनवर, अडखळत, तेच सांगितलं. भावाला मारायला निघालेला माणूस तीच युक्ती आधी दोनदा स्वतःवर करत नाही.

"हे मोठं घेताना दुकानदारानं काही सांगितलं नव्हतं का?"

"लई सांगितलं. येगयेगळे वायू, फलानं, बिस्तानं. आपल्याला काय करायचंय? चार बटनं हायत म्हनल्यावर चांगलंच आसनार. म्हनून लांबच्या खेपंला त्याला चांगलं बांधलं." तो पुन्हा कोपर चोळू लागला. "त्यो नगं म्हनत होता म्याडम."

नांदेडच्या पाणबुड्याने सगळं ऐकलं होतं. त्याने लातूरच्या डॉक्टरांशी थेट बोलून शुद्ध ऑक्सिजन सुरू करायला सांगितलं. दाब देऊन उपचार करतात ती बंद खोली पुण्यात होती. रुग्णवाहिका ठरली. मी जबाबाचा कागद पुढे ओढला, तेवढ्यात फोनमधून त्याने विचारलं, "मॅडम, दुसरी बुडी या माणसाची ना? हा वर कसा आला?"

थोरला म्हणाला, "मी तळाला होतो. दोर जोरात हिसकला. धाकट्याचे पाय गेले म्हनून त्यानंच हिसकला. मी एका दमात वर आलो. घड्याळ वरडत होतं. वरडू दिलं."

"त्याचं काही दुखतंय का, बघा."

मी वर बघितलं. तो कोपर चोळत होता. दोन तास तो कोपर चोळत होता आणि मी ते फक्त वहीत लिहून ठेवलं होतं.

"कोपरात काय होतंय?"

"मुरगाळल्यावानी लागलंय. खांद्याला पन. त्याचं काय न्हाई. धाकट्याचं बघा."

ठाण्याची गाडी काढली. मी स्वतः सोबत गेले. अहमदपूर ते लातूर तो रस्ता मला इतका लांब कधीच वाटला नव्हता. चाकूरच्या पुढे त्याने विचारलं, "म्याडम, त्याचे पाय येतील का?" मला माहीत नव्हतं. तसंच सांगितलं. दोघांना एकाच रुग्णवाहिकेत घातलं. धाकट्याने त्याला बघितलं आणि ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून म्हणाला, "दादा, तू पन दमला का?" थोरला खिडकीकडे तोंड करून रडला.

थोरला आठवड्यात बरा झाला. धाकट्याचे पाय हळूहळू परतले, डावा अजून ओढत चालतो. खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा दाखल झाला नाही. मनाई असताना उतरवल्याबद्दल खाणवाल्यावर कारवाई झाली.

वर्षभराने जिल्ह्याच्या बचाव पथकासाठी सामान घ्यायचं होतं. कागदावर एकच डाइव्ह कॉम्प्युटर होता, सगळ्यात महाग, चार वायूंचा हिशेब ठेवणारा. जो उतरेल त्याने तो बांधायचा. बैठकीत मी विचारलं, आपले लोक साध्या हवेच्या सिलिंडरवरच उतरतात, मग त्या बाकीच्या वायूंचं काय करायचं? गढूळ पाण्यात दिसतील असे मोठे आकडे हवेत आणि प्रत्येकाला स्वतःचं यंत्र हवं. एक साहेब म्हणाले, घड्याळाचं काय एवढं. मी या प्रकरणाची फाइल त्यांच्यापुढे सरकवली. साधी सहा यंत्रं आली. प्रत्येकाच्या पट्ट्यावर पांढऱ्या रंगाने नाव घातलं.

या प्रकरणाने काय शिकवलं, असं लोक विचारतात. थोरल्याला माहीत होतं की दमतं ते घड्याळ. मला माहीत होतं की कोपर चोळतो तो खोटा. दोघांचाही अनुभव जुना होता आणि दोघांनीही समोरच्या माणसाला विचारायचं सोडून त्या अनुभवाला विचारलं. त्यात एकाचे पाय गेले असते, दुसऱ्याचा जीव.

ती वही मी अजून ठेवली आहे. त्या ओळीवर रेघ मारलेली नाही. खाली फक्त लिहिलं आहे: दुखत होतं.