काढलेला रॅम्प

त्या स्टुडिओतल्या ताज्या रंगाचा उग्र दर्प अजून नाकात आहे. माझी मैत्रीण सुलभा भावासोबत गाण्याच्या स्पर्धेसाठी व्हीलचेअरवरून आली होती. दिग्दर्शक ओरडला, "रॅम्प काढा रे! भावाला तिला उचलून आणू दे. घराघरांत डोळ्यांना पाणी आलं पाहिजे!" मनासारखे दृश्य मिळेपर्यंत भावाने तिला तीनदा उचलले. मग ती गायली. पहिला आलाप संपण्याआधीच परीक्षक गहिवरले. एकाने तर मेकअप विस्कटू नये म्हणून रुमाल डोळ्यांखाली नुसता टेकवला. दयेला किती झटपट भरून येते, आणि किती कमी ऐकू येते!

बाहेर तोच दर्प होता. मी म्हणाले, "सगळे रडले गं."

चाके थांबवून सुलभाने विचारले, "सूर?"