स्कोअरशीटची उजवी बाजू

समोरच्या टीमच्या स्ट्रायकरविरुद्ध मी लेखी हरकत घेतली आणि तिच्यात माझीच गोलकीपर बाद व्हायची वेळ आली. पुरावा मीच जोडला होता. त्यावर लाल पेनने रेघ मारून फोटोही मीच काढून ठेवला होता, आठवण म्हणून.

चाकणच्या अलीकडे एका छोट्या कॉलेजात मी क्रीडा संचालक आहे. पद ऐकायला मोठं वाटतं. प्रत्यक्षात मी, एक शिपाई, एक कपाट आणि एका कंपनीच्या भिंतीला चिकटलेलं मैदान, एवढाच पसारा. बॉल भिंतीपलीकडे गेला की कंपनीच्या सिक्युरिटीशी हुज्जत. एकदा तर त्यांनी बॉलचा रिटर्नेबल गेटपास करायला लावला होता.

छोट्या कॉलेजात मुलींची फुटबॉल टीम उभी करणं म्हणजे काय, ते सांगतो. खेळणाऱ्या असतात सात. आठवी कबड्डीची. नववी आणि दहावी मैत्रिणी म्हणून आलेल्या. अकरावी शोधावी लागते. म्हणून आम्ही क्रीडा शिक्षक वर्षभर दुसऱ्यांच्या मॅचला जाऊन बसतो आणि त्यांच्या मुलींवर डोळा ठेवतो. वाक्य जरा वाईट झालं, पण कामच तसं आहे.

तर गेल्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत दोन परक्या कॉलेजांच्या मॅचला मी टेक्निकल ऑफिसर होतो. म्हणजे खुर्चीवर बसून गोल लिहायचे आणि शेवटी स्कोअरशीटवर सही करायची. त्या मॅचमध्ये मला साक्षी दिसली. पुनावळ्याच्या बाजूच्या एका कॉलेजची गोलकीपर. पहिल्या हाफमध्ये तिने चार गोल अडवले, तेही न ओरडता. न ओरडणारी गोलकीपर मी आयुष्यात पाहिली नव्हती. चौकशी केली तर मुलगी निघोज्याची. रोज दोन बस बदलून पुनावळ्याला जायची. आमचं कॉलेज तिच्या घरापासून वीस मिनिटांवर.

मी तिच्या घरी गेलो. नियम असा, की खेळाडूला पैशाची किंवा वस्तूंची लालूच दाखवायची नाही. मी फक्त कॉलेजची बस दाखवली.

तिचे वडील अण्णा. मूळचे शेतकरी. जमीन कंपनीत गेली, उरलेल्या तुकड्यावर त्यांनी कामगारांसाठी खोल्या बांधल्या. त्यांनी माझं म्हणणं ऐकून घेतलं आणि विचारलं, "गोलकीपर म्हंजे नेमकं काय करती ही?"

"गोलसमोर उभी राहते."

"आन बाकीच्या?"

"पळतात."

"मंग हिलाच का उभं केलंय? काय चुकलं तिचं?"

साक्षी आतून म्हणाली, "अण्णा, तुम्ही गप बसा ना."

शेवटी अण्णा तयार झाले. शेवटचं वर्ष साक्षी आमच्याकडे करणार, हे ठरलं. आता इथे एक नियम समजून घ्या, कारण पुढचा सगळा तमाशा त्यावर आहे. डिग्री पूर्ण व्हायच्या आत खेळाडूने कॉलेज बदललं, तर नव्या कॉलेजकडून तिला एक वर्ष खेळता येत नाही. आमच्या भाषेत तिला 'बसावं' लागतं. सुटका एकच, जुन्या कॉलेजने एनओसी द्यायची. आमची हरकत नाही, खेळू द्या, एवढंच पत्र. ते फॉर्मसोबत जोडलं की काम झालं.

साक्षीने जूनमध्येच एनओसी मिळवली. ती मला द्यायला अण्णा स्वतः आले. मी टीमचा फॉर्म ऑगस्टमध्ये भरला.

हा फॉर्म एक्सेलमध्ये असतो. अठरा मुली (त्यातल्या सात नुसत्या नावाला), अठरा ओळी, प्रत्येकीची माहिती. एका रकान्यात विचारतात, 'यापूर्वी अन्य महाविद्यालयाकडून खेळली आहे काय?' मी पहिल्या मुलीसमोर 'नाही' लिहिलं, कोपरा पकडला आणि खाली ओढलं. अठरा वेळा नाही. साक्षीची ओळ अकरावी होती. वाचून पाहायचं माझ्या मनातही आलं नाही.

पहिलीच मॅच पडली घोलप मॅडमच्या कॉलेजशी. चिंचवडचं कॉलेज, मॅडम तिथल्या क्रीडा संचालक, आणि दर वर्षी ते आम्हाला पाच गोलांनी हरवतात. मॅडम नंतर चहा पाजतात, ते जास्त लागतं. मॅचच्या आदल्या दिवशी मला त्यांच्या यादीत प्रणिता हे नाव दिसलं. ही मुलगी गेल्या वर्षी दुसऱ्याच कॉलेजकडून खेळली होती. मी तिचे तीन गोल माझ्या हाताने लिहिले होते! म्हणजे हिने कॉलेज बदललं. म्हणजे हिला बसवता येईल.

मी कपाटातून गेल्या वर्षीच्या स्कोअरशीटची झेरॉक्स काढली. स्कोअरशीटला दोन बाजू असतात. डावीकडे एका टीमच्या मुली, उजवीकडे दुसरीच्या. डावीकडे प्रणिताचं नाव सापडलं. लाल रेघ मारली. इतका आनंद झाला की उजवीकडे बघायची गरजच वाटली नाही.

सकाळी नऊ वाजता हरकतीचं पत्र मी स्पर्धेच्या चेअरमनकडे दिलं. चेअरमन म्हणजे यजमान कॉलेजचे निवृत्तीला आलेले क्रीडा संचालक, मोजकं बोलणारे. मॅच सुरू व्हायच्या आधीच थांबली. दोन्ही टीम मंडपात. मी, घोलप मॅडम आणि चेअरमन स्टाफरूममध्ये.

चेअरमननी कागद वाचला. बराच वेळ वाचला.

"मॅडम, प्रणिताची एनओसी?"

मॅडमनी फाइल उघडून पत्र समोर ठेवलं. "फॉर्मसोबतच अपलोड केलंय सर. यांनी बघितलं नसेल."

मी बघितलं नव्हतं. यादी सगळ्यांना दिसते. एनओसीच्या लिंकवर बोट ठेवायचे कष्ट मी घेतले नव्हते.

"ठीक आहे. हरकत फेटाळली," चेअरमन म्हणाले. मी उठायला लागलो. "बसा सर. या कागदाची उजवी बाजू वाचली का तुम्ही?"

मी वाचली. सगळ्यात वर, गोलकीपर. साक्षी.

"ही तुमचीच ना?"

"हो."

"फॉर्ममध्ये 'नाही' लिहिलंय तुम्ही. यापूर्वी कुठे खेळली नाही म्हणून. आणि खाली टेक्निकल ऑफिसरची सही कोणाची आहे?"

सही माझी होती. चांगली ठसठशीत, खाली दोन टिंबांसकट.

घोलप मॅडमनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. त्यांचे खांदे हलत होते.

इथपर्यंत गंमत होती. मग चेअरमन म्हणाले, "खोटी माहिती दिली तर खेळाडूवर एक वर्षाची बंदी. नियम तुम्हाला माहीत आहे."

साक्षीचं शेवटचं वर्ष होतं. या स्पर्धेतूनच विद्यापीठाच्या टीमसाठी मुली निवडतात. एक वर्षाची बंदी म्हणजे तिचं खेळणं तिथेच संपलं. आणि ती बाहेर मंडपात ग्लोव्हज घालून बसली होती.

मी 'सिस्टीमचा प्रॉब्लेम' असं म्हणणार होतो. शब्द तोंडापर्यंत आले होते. पण मॅडमनी नेमकी तेव्हाच मान वळवली, आणि एक्सेल त्याही वापरतात.

"सर, चूक माझी आहे," मी म्हणालो. "एनओसी तिने जूनमध्येच दिली होती. मी जोडली नाही. रकाना वरून खाली ओढला. मुलीला काही माहीत नाही."

आयुष्यात क्वचित इतकं खरं बोललो असेन. चेअरमनवर काही परिणाम झाला नाही.

"प्रत्येक वर्षी प्रत्येक सर हेच म्हणतात. खेळाडूला वाचवायला सगळ्यांचीच चूक असते. कागद आहे का?"

मी शिपायाला फोन लावला. त्याने कपाट उपसलं. व्हॉलीबॉलचं नेट सापडलं, दोन वर्षांपूर्वी हरवलेली शिट्टी सापडली, एनओसी नाही. जुन्या कॉलेजला फोन केला तर तिथले सर परगावी टीम घेऊन गेलेले. चेअरमननी तीन वाजेपर्यंत वेळ दिली.

मंडपात जाऊन साक्षीला सांगितलं. ती ग्लोव्हज काढत म्हणाली, "सर, मी दोन बस बदलून जात होते तेच बरं होतं."

मग तिने अण्णांना फोन केला.

अण्णा निघोज्याहून मोटारसायकलवर निघाले. शिफ्ट सुटायच्या आत चाकणच्या चौकातले कंटेनर टाळायचे म्हणून तळवड्याच्या आतल्या रस्त्याने आले. पावणेतीनला स्टाफरूमच्या दारात. काखेत प्लास्टिकची जाड फाइल. खोल्यांचे भाडेकरार, भाडेकरूंचे आधार, सातबारे, सगळं तिच्यात. ती त्यांनी चेअरमनसमोर ठेवली आणि मधून एक कागद ओढून काढला.

एनओसीची झेरॉक्स. आणि तिच्या कोपऱ्यात लिहिलेलं, 'मूळ प्रत मिळाली.' जूनमधली तारीख. खाली सही. दोन टिंबांसकट.

मला आठवलं. जूनमध्ये अण्णांनी मूळ कागद देताना झेरॉक्स पुढे केली होती आणि म्हणाले होते, "हितं पोच द्या सर." मी हसलो होतो. कॉलेजात कोण पोच घेतं?

"जमिनीचा कागद आसू द्या न्हाई तर पोरीचा," अण्णा चेअरमनना म्हणाले, "पोच घेतल्याबिगर आमी हातचं सोडत न्हाई. पाण्यात म्हस आन मोल कोण करतंय?"

चेअरमननी स्कोअरशीट आणि झेरॉक्स शेजारी शेजारी ठेवली. दोन्ही सह्या जुळवून बघितल्या. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं.

निकाल असा. साक्षी निर्दोष, खेळेल. प्रणिता निर्दोष, खेळेल. मला पूर्ण स्पर्धेत मैदानात प्रवेश बंद, आणि प्राचार्यांना एक पत्र.

साडेतीनला मॅच सुरू झाली. मी कंपाउंडच्या जाळीबाहेर उभा, शेजारी अण्णा. मी आतल्या मुलींना ओरडून सूचना द्यायला लागलो तर वॉचमन आला. "सर, ओरडायला बंदी आहे. चेअरमन साहेबांनी सांगितलंय." मग गप्प बसून मॅच पाहिली. वीस वर्षांत पहिल्यांदा.

आम्ही हरलो. पण एका गोलाने. तो गोल प्रणितानेच मारला. बाकी सहा साक्षीने अडवले, न ओरडता. मॅच संपल्यावर दोघी सेल्फी काढत होत्या. निवड समितीने दोघींची नावं विद्यापीठाच्या ट्रायलसाठी लिहून घेतली. घोलप मॅडमनी जाळीतून मला चहाचा कप दिला.

मूळ एनओसी पुढच्या आठवड्यात मिळाली. माझ्या टेबलाच्या काचेखाली होती, अक्षरं वरच्या बाजूला. रोज तिच्यावरच कप ठेवत होतो. यातून एवढं शिकलो की दुसऱ्याचा कागद तपासायच्या आधी आपलं टेबल पुसावं.

दोन दिवसांनी साक्षी ट्रायलचा फॉर्म घेऊन केबिनमध्ये आली. अण्णा सोबत होते. मी मोठ्या उत्साहाने पेन काढलं, चष्मा लावला आणि म्हणालो, "या वेळी प्रत्येक रकाना नीट वाचून भरतो."

अण्णांनी फॉर्म माझ्या हातातून काढून घेतला. तो आधीच पूर्ण भरलेला होता. शेवटच्या पानावर, खाली, त्यांनी बोट ठेवलं.

"तुमी निस्ती हितं सही करा, सर. वाचायचं काम तुमच्याकडं न्हाई."