नुसत्या कॉलरी

सोयराबाईचं आणि तिच्या दिराचं, वेंकटरमणचं, कधीच पटलं नव्हतं. नवरा होता तोवर ते वैर माजघरापुरतं राहिलं. नरहरी गेला आणि म्हैसूरच्या त्या गल्लीतलं शिंपीकामाचं दुकान दोघांच्या वाट्याला आलं, तेव्हा ते शिलाई मशिनीपर्यंत पोचलं.

नरहरीनं बायकोला सगळं काम शिकवलं होतं. गिऱ्हाईकाचं माप घ्यायचं, बेतायचं, शिवायचं, काजं करायची, इस्त्री करून घडी हातात द्यायची. एखाद्याचा खांदा उतरता असला तर सोयराबाई न बोलता त्या बाजूला आत पट्टी घालायची. लोक तिच्या शर्टाची वाट बघत थांबायचे.

वेंकटरमण बंगळूरला कापडाच्या एका कारखान्यात काही वर्षं राहून परतला होता. येताना त्यानं एका मोठ्या शाळेच्या गणवेशांचं काम आणलं. दुकानातला आरसा त्यानं काढला, गिऱ्हाईकांचा बाक रस्त्यावर ठेवला आणि भिंतीलगत ओळीनं मशिनी मांडल्या. गल्लीतल्या बायका बोलावल्या. एकीनं दिवसभर खिसेच लावायचे, एकीनं बाह्याच. शेजारची कमलाक्षी, सोयराबाईची लहानपणापासूनची मैत्रीण, शर्टाला कॉलर जोडायला बसली. सोयराबाईनं त्या कॉलरी तयार करून द्यायच्या.

"नुसत्या कॉलरी?" तिनं विचारलं.

"नुसत्या कॉलरी. तुम्ही अख्खा शर्ट शिवत बसलात तर पोरं उघडी शाळेत जातील, वैनी."

बायका हसल्या. कमलाक्षीही हसली. ते सोयराबाईच्या मनात राहिलं.

दोन दिवसांनी एका गठ्ठ्यातले खिसे तिला तिरके दिसले. उठून तिनं खिसेवालीला दाखवले, तर वेंकटरमण सगळ्यांसमोर खेकसला, "तुम्ही उठलात की मागची सगळी ओळ थांबते. तिरकं, सरळ बघायला मी आहे. सुम्ने, मुकाट्यानं कॉलर शिवा."

ती जागेवर जाऊन बसली. त्या दिवसापासून तिनं मान वर केली नाही.

मग कॉलर ताठ राहावी म्हणून आत घालायच्या बकरमचा नवा गठ्ठा आला. पहिला तुकडा हातात घेताच तिला कळलं. खळ तशीच होती, अंगठ्याला खरखर लागत होती. बकरम रात्रभर पाण्यात ठेवून वाळवल्याशिवाय नरहरी त्याला कात्री लावू देत नसे, कारण ते पहिल्या धुण्यात आटतं. वेंकटरमणनं घाईत थरावर थर रचून सगळं एकदम कापलं होतं.

तो चार हातांवर उभा होता. एक हाक पुरली असती. सोयराबाईनं तुकडा मशिनीखाली सरकवला. मग दुसरा. एकाच शर्टाचा प्रश्न असता तर तिचा हात अडला असता. इथे शर्ट दिसतच नव्हता, गठ्ठेच दिसत होते, आणि प्रत्येक गठ्ठ्यागणिक तिला बरं वाटत होतं.

गणवेश वाटले गेले. पहिल्या धुण्यानंतर शाळेतल्या झाडून सगळ्या पोरांच्या कॉलरी चुरगळून वर वळल्या. शाळेनं सगळा माल टेम्पोत घालून परत पाठवला आणि पुढचं काम दुसऱ्याला दिलं.

वेंकटरमण एक शर्ट घेऊन माजघरात आला.

"बकरम भिजवलेलं नव्हतं. तुम्हाला कळलं नाही?"

"कळलं."

"मग?"

"बघायला तुम्ही होतात, भावजी."

त्यानं शर्ट तिच्या पायाशी टाकला. "माझा राग माझ्यावर काढायचा होता. त्या बायकांनी तुमचं काय घेतलं होतं?"

तिनं शर्ट पायानं बाजूला सारला. "कॉलर शिवली," ती म्हणाली. "सांगितलं तेवढं केलं."

बायकांचं काम गेलं. संध्याकाळी कमलाक्षी मागच्या दारी आली. आत ये म्हटलं तरी आली नाही.

"गोत्तित्ता तुला? ठाऊक होतं?"

सोयराबाई तांदूळ निवडत राहिली.

"मी तुझ्यासमोर बसले होते," कमलाक्षी म्हणाली. "त्याला नाही, मला तरी सांगायचंस. प्रत्येक कॉलर माझ्या हातून गेली. गल्लीत आता माझंच नाव घेतात."

"हसलीस तेव्हा आठवलं नाही माझं नाव?"

"कधी हसले?" कमलाक्षी म्हणाली आणि निघून गेली. तिला खरंच आठवत नव्हतं.

घराची वाटणी झाली, मध्ये पत्र्याची भिंत आली. काही वर्षांनी वेंकटरमणनं म्हैसूरबाहेर कडकोळला शेड घेतली आणि तिथे मशिनींच्या चार ओळी लावल्या. गल्लीतल्या बायका सकाळच्या बसनं तिकडे जाऊ लागल्या, कमलाक्षीही. सोयराबाईनं रिकाम्या झालेल्या दुकानात आरसा पुन्हा टांगला, पण माप द्यायला येणारे कमी होत गेले. लोक तयार शर्ट घेऊन यायचे आणि बाह्या आखूड करून मागायचे. ती करून द्यायची, तोंड वाकडं करून.

एकदा सकाळी पायरीवर बसली असताना समोरून कमलाक्षी डबा घेऊन चालली होती. तिचे केस पिकले होते. सोयराबाईनं बऱ्याच वर्षांनी तिला हाक मारली. "कॉफी टाकलीय. घेऊन जा."

कमलाक्षी थांबली नाही. "बस जाईल," ती म्हणाली आणि कोपऱ्यावरून वळली.